बाबांचा सुट्या भागांचा लॅपटॉप

आई खाटेवरून उठायला तयार नव्हती. शनिवारी दुपारी बाराच्या आत लालबागच्या खोलीची चावी बिल्डरच्या माणसाच्या हातात द्यायची होती. मजल्यावरची बाकीची बिऱ्हाडं कधीच गेली होती, आमचंही सामान बांधून झालं होतं, आणि आई लोखंडी खाटेवर मांडी घालून बसली होती. मंगळवारी सकाळी मी खाटेचे नटबोल्ट सोडवायला पाना घेऊन आले, तेव्हा तिने पहिल्यांदा सांगितलं, "जागेवाल्याक सांगल्याशिवाय मी हयसून हलूचंय नाय."

आमच्या कोकणात प्रत्येक जागेचा एक राखणदार असतो, त्याला जागेवाला म्हणतात. घरात राहायला येताना त्याला नारळ ठेवतात आणि घर सोडतानाही ठेवतात. नारळ ठेवला की गाऱ्हाणं घालतात. म्हणजे घरातला कर्ता पुरुष त्याच्याशी मालवणीत मोठ्याने बोलतो, आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला बाकीचे 'होय म्हाराजा' म्हणतात. दहा बाय बाराच्या खोलीलाही जागेवाला असतो का, असं मी लहानपणी बाबांना विचारलं होतं. गिरणीला असतो तर खोलीला का नसेल, असं ते म्हणाले होते.

बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. त्यानंतर आमच्या घरात गाऱ्हाणं झालंच नाही. गणपतीत माझा धाकटा भाऊ नारळ ठेवतो, हात जोडतो, ओठ हलवतो आणि आरतीकडे वळतो. तो माझगावला राहतो, गोदीत कामाला आहे, दीडशे माणसांवर ओरडू शकतो. पण गाऱ्हाण्याचं नाव काढलं की त्याला खोकला येतो.

त्या मंगळवारी तो फोनवर कुणाचं तरी गाऱ्हाणं शोधून घेऊन आला. छान खणखणीत आवाज होता. आईने ते पूर्ण ऐकलं, मग म्हणाली, "ह्यां दुसऱ्याच्या घरचां. ह्येच्यात आपली शीव खय आसा?"

शीव म्हणजे गावची हद्द. तिचं बरोबर होतं. गाऱ्हाणं प्रत्येक घराचं वेगळं. आपल्या गावची शीव, आपलं देऊळ, आपले पूर्वज त्यात यावे लागतात. बाबांच्या गाऱ्हाण्यात तर गिरणीचा दरवाजा आणि लालबागचा नाकाही यायचा. ते आम्ही लहानपणापासून दरवर्षी ऐकलं होतं आणि आता दोघांनाही धड चार ओळी आठवत नव्हत्या. मला भावाचा राग आला, आणि लगेच माझाही.

मला एका जागी बसवत नाही. आईच्या भाषेत माझ्या पायाला भिंगरी आहे. सध्या मी दादरच्या एका ऑफिसात आहे, अकरा महिन्यांच्या करारावर. त्याआधी परळला होते, त्याआधी आणखी कुठे. सहा वर्षांत मी चार भाड्याच्या खोल्या बदलल्या, आता गिरगावात राहते. काही अडलं की मला बसून विचार करता येत नाही, मी चालायला लागते. त्या दिवशीही मी चाळीच्या रिकाम्या गॅलरीत येरझाऱ्या घालत होते, आणि तिसऱ्या की चौथ्या फेरीला मला बाबांचा लॅपटॉप आठवला.

बाबा गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर होते. पहिली कितीतरी वर्षं बदली कामगार. म्हणजे रोज सकाळी दरवाज्याशी उभं राहायचं; कायम कामगारांपैकी कुणी आला नाही तर त्याच्या साच्यावर जायचं, सगळे आले तर घरी परतायचं. गिरणी बंद पडली तेव्हा ते गिरगावातल्या एका जुन्या ऑफिसात लिफ्टवर लागले. त्या ऑफिसाने एक जुना लॅपटॉप भंगारात काढला आणि साहेबांनी तो बाबांना दिला. काळा, जाडजूड, मांडीवर घेतला तर पाय बधिर होईल असा. मी म्हणाले, कशाला आणलंत हे ओझं? बाबांनी तो उलटा केला, एक खिट्टी सरकवली, आणि उजव्या बाजूने त्याचा एक अख्खा भाग बाहेर ओढला.

तो फ्लॉपीचा भाग होता. त्याच खणात सीडीचा भाग बसायचा, आणि तो काढला तर जादा बॅटरी बसायची. एका वेळी एकच. हार्डडिस्कसुद्धा एका पत्र्याच्या ट्रेमध्ये होती, खण्णकन आत जायची आणि बाहेर यायची. स्क्रू नाही, पान्याचं काम नाही. बाबा हरखून गेले होते. "धोट्यातली सुताची कांडी संपली की काढायची, दुसरी घालायची. साचा थांबता कामा नये," ते म्हणाले. आत असेल तो भाग कामावर, बाहेर असेल तो बदली, असं ते म्हणायचे. बदलीचे भाग जुन्या बनियनच्या फडक्यात गुंडाळून ठेवायचे आणि रविवारी आळीपाळीने प्रत्येकाला थोडा वेळ तरी आत घालायचे, म्हणजे कुणी बसून राहायला नको.

टायपिंग मी शिकवलं. शिकवलं म्हणजे डोक्याला हात लावून शेजारी बसले. दोन बोटांनी ते एक ओळ टाइप करेपर्यंत माझ्या अंगाला मुंग्या यायच्या, मी त्यांच्या हाताखालून कीबोर्ड ओढून घ्यायचे. ते रागवायचे नाहीत. मी थकून उठले की पुन्हा सुरू करायचे. चाळीच्या नोटिसा त्यांनी टाइप केल्या, आणि गाऱ्हाणं टाइप केलं. दर गणपतीला त्याच फाइलची नवी प्रत काढायचे. गाऱ्हाण्याचा सांगाडा तोच, त्यातलं मागणं तेवढं दर वर्षी काढून दुसरं बसवायचं.

ती फाइल कुठे होती, हे मला माहीत होतं. ती उघडायची कशी, हाच प्रश्न होता, आणि त्याला आम्ही तिघंही जबाबदार होतो.

आमच्याकडे माणूस गेला की त्याच्या वस्तू वाटून घेतात. आठवण म्हणून. एकाला दिलं आणि दुसऱ्याला नाही, असं होऊ द्यायचं नाही, हा आईचा नियम. बाराव्यानंतर तिने बाबांचे शर्ट वाटले, छत्री वाटली, चष्मा आणि त्याचं घरसुद्धा वेगवेगळं दिलं. त्याच हिशेबाने लॅपटॉपही वाटला. सुटे भाग होते ना, मग अडचण कसली? मधलं मोठं धूड भावाला, मुलगा म्हणून. चार्जर आणि फ्लॉपीचा भाग मला. हार्डडिस्कचा ट्रे तिने स्वतः ठेवला, कारण 'बाबांचं सगळं ह्यातच असतं' असं मीच कधीतरी वैतागून तिला सांगितलं होतं. त्या वेळी आम्हा दोन शिकलेल्या मुलांपैकी एकालाही वाटलं नाही की हे काय चाललंय. शर्टासारखा आम्ही तो लॅपटॉप घेतला आणि आपापल्या घरी गेलो.

बुधवारी मी माझा वाटा शोधला. फ्लॉपीचा भाग सापडला, अजून त्याच बनियनच्या फडक्यात. चार्जर सापडला नाही. सापडणार नव्हता, कारण आधीची एक खोली सोडताना 'हे कशाला वाहायचं' म्हणून मी तो कचऱ्यात टाकला होता. ते मला बुधवारी दुपारी, सगळी खोली उलथीपालथी केल्यावर आठवलं. मी स्वतःला मोठ्याने शिव्या घातल्या. भावाला फोनवर मात्र एवढंच सांगितलं की चार्जर मिळत नाही.

"टाकलास ना?" तो म्हणाला.

"मिळत नाही म्हटलं ना."

"ताई, टाकलास तू. तू सगळं टाकतेस." मग म्हणाला, "धूड आहे माझ्याकडे. माळ्यावर. घेऊन येतो."

आईने तिचा वाटा लोखंडी पेटीतून काढला. बाबांचा गिरणीचा बिल्ला, बदली कार्ड आणि हार्डडिस्कचा ट्रे, तिन्ही एका रुमालात. ट्रेला हळदकुंकवाचं बोट लागलेलं होतं.

गुरुवारी अर्धी रजा टाकून मी ते सगळं पिशवीत घालून लॅमिंग्टन रोडला गेले. पाच दुकानांनी पाहताच हात वर केले. एकाने तर विचारलं, शूटिंगला पाहिजे का? सहावं दुकान एका जिन्याखाली होतं. तिथला म्हातारा माणूस काही न विचारता लॅपटॉप उलटा करून खिट्टी सरकवून बघू लागला, आणि मला एकदम रडू येईल असं वाटलं.

"आधी हार्डडिस्क माझ्या मशीनला लावून बघतो, मॅडम. सगळं पेन ड्राइव्हवर घ्या, काम खतम."

फाइल त्याच्या कॉम्प्युटरवर उघडली, पण अक्षरांच्या जागी नुसती खुणांची भेळ. "जुना मराठी फॉन्ट आहे," तो म्हणाला. "हा आता कुठे मिळत नाही. ज्या मशीनवर टाइप केलं त्याच मशीनवर दिसणार."

म्हणजे धूड चालू व्हायलाच हवं होतं. त्याने खोक्यांतून पिना बदलता येतील असा एक चार्जर शोधला, सात पिना लावून बघितल्या, आठवी बसली. हार्डडिस्कचा ट्रे आत सरकवला. खण्ण. पडद्यावर आधी काहीच नाही, मग पांढरी अक्षरं, मग मशीनने तारीख विचारली. त्याला आजची तारीख माहीत नव्हती. दुकानदाराने एक कळ दाबून त्याला पुढे ढकललं. त्याने मगाचचीच फाइल उघडली. बाबांची मालवणी दिसायला लागली, ठसठशीत. मी दोन ओळी वाचल्या असतील, तेवढ्यात आतून टक्‌ टक्‌ असा आवाज सुरू झाला. दुकानदाराने झटक्यात बंद केलं.

"अहो, वाचत होते मी."

"हार्डडिस्क चाललीय ती, मॅडम. आता हिला आराम द्या. एकदा चालू होईल, दोनदा होईल, पुढची गॅरंटी नाही. घरी जा, सगळ्यांना घेऊन बसा, आणि जे घ्यायचंय ते एका बैठकीत घ्या."

मला एका बैठकीत काही करायला सांगणं म्हणजे जरा अतिच होतं. शुक्रवार कसा काढला मला विचारू नका. ऑफिसात तीनदा चुकीच्या माणसाला मेल पाठवला. दुपारी जेवायच्या सुट्टीत दादरपासून प्रभादेवीपर्यंत चालत गेले आणि चालत परत आले. लॅपटॉप माझ्या टेबलाखाली पिशवीत होता. सारखं वाटत होतं, एकदाच लावून बघावं. पाच मिनिटं. मी पिशवीचे बंद दोनदा सोडले आणि दोनदा पुन्हा बांधले.

अडचण गाऱ्हाण्यापुरती असती तर मी एवढी कासावीस झाले नसते. बाबांच्या शेवटच्या गणपतीत त्यांचा श्वास पुरत नव्हता. गाऱ्हाणं अर्ध्यावर आलं आणि ते भिंतीला टेकले. भावाकडे बघितलं, भाऊ खोकला. मी पुढे झाले, म्हणाले, द्या, मी घालते. बाबा म्हणाले, "बायका घालीत नाय." सगळ्यांच्या समोर. माझ्या डोक्यात तिडीक गेली. ज्या माणसाला मी टायपिंग शिकवलं, ज्याच्या औषधांच्या रांगेत मी उभी राहिले, त्याला माझा आवाज चालत नव्हता. मी जेवायलाही थांबले नाही, चपला घातल्या आणि निघाले. त्यानंतर मी त्या खोलीत गेले ती थेट चार महिन्यांनी, त्यांना शेवटचं न्यायची वेळ आली तेव्हा. मधल्या काळात त्यांचे फोन आले. मी कामात आहे म्हणून सांगितलं. कामात नव्हते.

शनिवारी सकाळी आठ वाजता आम्ही तिघं खोलीत होतो. अकराला वीज तोडायला माणूस येणार होता. पंखा भावाने आधीच उतरवला होता. लॅपटॉप खाटेवर आईसमोर ठेवला, चार्जर लावला, आणि मी बटण दाबलं. पांढरी अक्षरं आली, तारखेचा प्रश्न आला, तोही निस्तरला. भाऊ फोटो काढायला फोन धरून उभा होता.

फाइली वर्षांप्रमाणे लावलेल्या होत्या. मी एक उघडली. मागणं होतं, चाळीचं पाणी वेळेवर येऊ दे. दुसरी उघडली. भावाला गोदीत कायम कर. तिसरीत, चेडवाक चांगली नोकरी मिळांदे. चेडू म्हणजे मुलगी, म्हणजे मी. चौथीतही तेच, पाचवीतही तेच. "तुझं काम काय देवाला जमलं नाही," भाऊ म्हणाला, आणि तेवढ्यात टक्‌ टक्‌ सुरू झालं.

"शेवटची बघ," आई म्हणाली.

शेवटच्या फाइलला वर्ष नव्हतं. 'जागेवालो' एवढंच नाव होतं. तिच्यावरची तारीख त्या भांडणानंतर दोन महिन्यांची होती. चाळ पाडायची बोलणी तेव्हा नुकती सुरू झाली होती. हे गाऱ्हाणं आपल्या तोंडून होणार नाही, हे बाबांना तेव्हाच कळलेलं दिसतंय. मी फाइल उघडली. भाऊ खांद्यावरून वाचायला लागला, मोठ्याने, शीव आली, देऊळ आलं, गिरणीचा दरवाजा आला. मग तो थांबला.

तिथे लिहिलं होतं: 'आज ह्या घरचां थोरलां चेडू नारळ घेवन तुझ्या म्होरं उभां आसा, म्हाराजा.'

मी ती ओळ परत परत वाचत राहिले. ह्या जागी दर वर्षी त्यांचं स्वतःचं नाव असायचं. ते काढून त्यांनी मला बसवलं होतं, दोन बोटांनी, एक एक अक्षर. शेजारी बसून कीबोर्ड ओढून घ्यायला तेव्हा मी नव्हते.

भावाने भराभर फोटो काढले. तीन झाले आणि पडदा काळा पडला. आम्ही पुन्हा बटण दाबलं, ट्रे काढून परत घातला, चार्जर हलवून बघितला. काही नाही. आईने हार्डडिस्कच्या जागेवर हात ठेवला, अजून गरम होती.

"तू घाल," मी भावाला म्हणाले. "फोटोवरून वाच."

त्याने नारळ माझ्या हातात दिला. "माझं नाव नाहीये त्यात," तो म्हणाला. सुटल्यासारखा वाटला, आणि थोडा दुखावल्यासारखाही. मी त्याला पहिल्यांदाच काही टोमणा मारला नाही.

"बायका घालीत नाय," मी आईकडे बघून म्हणाले. सहा वर्षं ते वाक्य माझ्या घशात अडकलेलं होतं.

"तेंनी तुका बदली लावल्यानी," आई म्हणाली. "आता उभी ऱ्हव."

मी कोपऱ्यात, जिथे देव्हारा होता तिथे, नारळ ठेवला आणि भावाचा फोन हातात धरून सुरुवात केली. माझी मालवणी शहरी आहे, शब्दाशब्दाला अडखळत होते. पहिल्या वाक्याला फक्त आईचं 'होय म्हाराजा' आलं, पण असं खणखणीत आलं की भाऊ दचकला आणि पुढच्या वाक्यापासून तोही लागला. चाळीस वर्सां तुझ्या राखणेत ऱ्हवलो, म्हाराजा. होय म्हाराजा. गिरणी चालू होती तेवाय तू होतस, बंद पडली तेवाय तू होतस, म्हाराजा. होय म्हाराजा. आता ही जागा आमी सोडतंव. रागावन नाय, रीतीन जातंव, म्हाराजा.

इथे मला थांबावं लागलं. मी ह्या खोलीतून रागावून गेले होते, आणि हे बाबांनी मी रागात असतानाच टाइप केलं होतं. आईने थोडी वाट बघितली, मग मी तिसऱ्यांदा नाक ओढल्यावर स्वतःच म्हणाली, "होय म्हाराजा." मी पुढे वाचलं. कोणाच्या हातसून काय चुकलां-माकलां आसात तर पोटात घाल. जंय आमी जातंव थंय आमच्यावांगडा, आमच्या सोबतीक ये. होय म्हाराजा.

त्यापुढे मागणं. तिथे एक लांब रेघ होती. इतर सगळ्या फाइलींत त्या जागी काहीतरी बसवलेलं होतं. ह्यात बाबांनी ती जागा रिकामी ठेवली होती.

मी रेघेकडे बघत राहिले. नोकरी मागावी का? नवी जागा वेळेवर मिळू दे म्हणावं का? आई आणि भाऊ हात जोडून माझ्या तोंडाकडे बघत होते. मी फोन खाली केला. मालवणी सुचेना, म्हणून माझ्या नेहमीच्या भाषेत म्हणाले, "मागणं एवढंच, महाराजा, की आमच्या बाबांना कळव. मी आले होते. मी कामात नव्हते, मी रागात होते. तेवढं त्यांना सांग."

"होय म्हाराजा," आई म्हणाली. मग खाटेवरून पाय खाली सोडले आणि चपला शोधायला लागली.